दारासिंगांनी १९६८ला मुंबईत जिंकलेला वर्ल्ड किताब नेमका कोणता? आबांना उत्तर द्यायचंय

केजकर

राम राम मंडळी. प्रश्न साधाच आहे पण मागचं सांगितल्याशिवाय नीट कळायचा नाही म्हणून जरा लांबण लावतो. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी गावच्या तालमीत घुमलेले, जत्रेच्या फडात शेवटच्या चार-पाच कुस्त्यांत त्यांची जोड लागायची. आता वय ७८, गुडघे गेलेत, पण कुस्तीचा विषय निघाला की माणूस ताठ बसतो. दिवाळीला माझा भाचा संभाजीनगरहून आलता, अकरावीला आहे, दिवसभर मोबाइलवर डब्ल्यूडब्ल्यूई चालू. आबा शेजारी बसून बघायले आणि म्हणले, आमच्या वक्ताला दारासिंगानं अमेरिकेच्या लू थेझला पाडलं मुंबईत, अडुसष्ट साली, जगाचा किताब आपल्याकडं आलता.

भाच्यानं लगेच चॅम्पियनची यादी उघडली. त्यात दारासिंग नाहीत. दुसरी यादी उघडली, त्यातही नाहीत. भारतातला म्हणून एक खली सापडला २००७चा, आणि २०१७चा जिंदर महाल, तो तर कॅनडात जन्मलेला. भाचा म्हणला, आबा तुम्हाला कुणीतरी खोटं सांगितलंय. पोरगं वाईट नाही, जे दिसलं ते बोललं. पण आबा गप झाले ते रात्री जेवतानाही बोलले नाहीत, आणि मला ते लई लागलं.

मी स्वतः शोधायला बसलो तर डोकंच चक्रावलं. कुठं लिहिलंय हा किताब १९०५चा, कुठं १९४८चा, कुठं १९६३चा आणि खलीनं जिंकला तो २००२चा. मग खरा वर्ल्ड हेवीवेट किताब कोणता? खलीचा पट्टा आणि थेझचा पट्टा एकच का? आणि गामा पैलवानानं लंडनला जिंकलेला पट्टा यात कुठं बसतो? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, मला आबांसमोर बसून सांगायचंय.

माती_ते_मॅट, लातूर

केजकर भाऊ, आधी मुळापासून बघू म्हणजे पुढचा गुंता सुटंल.

१९०५चं जे तुम्ही वाचलं ते बरोबर आहे. त्या वर्षी ४ मे रोजी न्यूयॉर्कला जॉर्ज हॅकेनश्मिटनं टॉम जेंकिन्सला हरवलं आणि तिथून सगळे एकाच माणसाला जगज्जेता म्हणायला लागले. मग ३ एप्रिल १९०८ला शिकागोत फ्रँक गॉचनं हॅकेनश्मिटला दोन तास झुंजवलं आणि शेवटी हॅकेनश्मिटनं हार मानली. १९११ला त्यांची परत जोड लागली, शिकागोतच, बेसबॉलच्या मैदानात, तीसेक हजार माणूस. गॉचच जिंकला. म्हणजे त्या काळात किताब एकच होता आणि तो ज्याच्याकडं आहे त्याला पाडल्याशिवाय मिळत नव्हता.

आता गामा. १९१०ला गामा लंडनला गेले तेव्हा जगज्जेता होता गॉच, आणि तो अमेरिकेत. लंडनमध्ये गामांनी आधी अमेरिकेच्या डॉ. रोलरला पाडलं आणि १० सप्टेंबरला पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी जोड लागली. आपले जुने वस्ताद ही कुस्ती अजून सांगतात, कारण झिबिस्को सुरुवातीलाच जो खाली पालथा पडला तो अडीच तासाच्या वर तसाच चिकटून राहिला, पाठ दाखवलीच नाही. कुस्ती बरोबरीत सोडवली. १७ तारखेला परत धरायची ठरली तर झिबिस्को आलाच नाही. मग गामांना जॉन बुल पट्टा आणि २५० पौंड दिले. तो पट्टा वर्ल्ड चॅम्पियन म्हणूनच दिला होता, पण अमेरिकेची जी गॉचवाली ओळ चालत होती तिच्यात तो धरला जात नाही. म्हणजे १९१० सालीच जगाचे दोन पट्टे झाले होते हे लक्षात घ्या.

आता खरी गंमत पुढं आहे आणि ती तुमच्या भाच्याला जरूर सांगा. हाच झिबिस्को १९२१ला एड 'स्ट्रँगलर' लुईसला हरवून अमेरिकेच्या ओळीतला जगज्जेता झाला. तोपर्यंत तिकडं कुस्त्या ठरवून व्हायला लागल्या होत्या. आपल्याकडं जिला नुरा कुस्ती म्हणतात ती. लुईस, त्याचा मॅनेजर बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी सगळा धंदा हातात घेतला होता, चॅम्पियन कोण व्हायचं ते हे ठरवायचे. १९२५च्या जानेवारीत त्यांनी वेन मन नावाच्या धिप्पाड फुटबॉलवाल्याला किताब दिला. अंगानं दांडगा, दिसायला भारी, तिकीट खपायचं, पण कुस्ती येत नव्हती. १५ एप्रिलला फिलाडेल्फियात झिबिस्कोनं त्याच्याशी लढून हरायचं असं ठरलं होतं. झिबिस्को पन्नाशीकडं झुकलेला, कुणाला शंका पण आली नाही. आणि त्या रात्री तो खरी कुस्ती धरून बसला! मनला उचल की टाक, उचल की टाक, इतक्या वेळा पाठ लावली की पंचाला दुसरं काही करताच येईना. समोरच्या पार्टीनं, म्हणजे दुसऱ्या प्रमोटरांनी, झिबिस्कोला आधीच फोडलं होतं. दीड महिन्यात त्यानं सेंट लुईसला जो स्टेकरकडं किताब सोपवला, स्टेकर समोरच्या पार्टीचा.

तर असा हा दोनदा जगज्जेता झालेला झिबिस्को १९२८च्या जानेवारीत पटियाळाला आला, महाराजांनी बोलावलं होतं, गामांशी परत जोड. दोघंही पन्नाशीच्या घरात. अठरा वर्षांपूर्वी अडीच तास न पडलेला माणूस गामांनी मिनिटभराच्या आत चीत केला. त्यामुळं मला कुणी विचारलं की गामा कोणत्या यादीत आहेत तर मी म्हणतो ज्या यादीत झिबिस्कोचं नाव दोनदा आहे ती काढ आणि मग पटियाळा आठव.

बेल्टवाला_नांदेड

माती_ते_मॅट दादांनी जुनं झकास सांगितलंय, मी पुढचं सांगतो कारण १९४८, ६३ आणि २००२ हे तीन आकडे माझ्या आवडीचे आहेत, लहानपणी ट्रम्प कार्डपासून नाद लागलाय तो सुटला नाही.

१९२५च्या त्या भानगडीनंतर अमेरिकेत जो तो प्रमोटर आपापला जगज्जेता काढायला लागला, एका वेळी तीन-तीन चार-चार. मग १९४८च्या जुलैमध्ये आयोवातल्या वॉटर्लूमध्ये काही प्रमोटर बसले आणि एनडब्ल्यूए (नॅशनल रेसलिंग अलायन्स) काढली, की बाबांनो आपण सगळे मिळून एकच चॅम्पियन मानू आणि तो आळीपाळीनं सगळ्यांच्या गावात येऊन लढंल. पहिला मान ऑर्व्हिल ब्राउनला. १९४९च्या नोव्हेंबरमध्ये त्याची आणि दुसऱ्या संघटनेच्या लू थेझची एकीकरणाची कुस्ती होती, त्याच महिन्यात ब्राउनचा मोटार अपघात झाला आणि त्याचं करिअरच संपलं. किताब थेझला दिला.

थेझलाच का, यावर जरा थांबतो कारण मला सगळ्यात जास्त हेच पटतं. निकाल जरी ठरलेला असला तरी मनचं काय झालं ते सगळ्यांना आठवत होतं. म्हणून चॅम्पियन असा पाहिजे की समोरच्यानं ऐनवेळी दगा करून खरी कुस्ती धरली तरी त्याच्याकडून पट्टा हिसकावता येऊ नये. थेझ तसा होता, सांधे अडकवून माणसाला जागेवर रडवायचा, आणि शिकला होता कुणाकडून तर त्याच स्ट्रँगलर लुईसकडून. तीन वेळा मिळून दहा वर्षांच्या वर किताब त्याच्याकडं राहिला.

२४ जानेवारी १९६३ला टोरांटोत थेझनं बडी रॉजर्सला हरवून तो परत घेतला. न्यूयॉर्कच्या बाजूचे प्रमोटर होते थोरले व्हिन्स मॅकमॅहन आणि टूट्स माँट (होय तोच, १९२५वाला!), त्यांना रॉजर्सच पाहिजे होता. ते एनडब्ल्यूएतून फुटले, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफ काढली आणि सांगितलं की रॉजर्स ब्राझीलला रिओमध्ये स्पर्धा जिंकून चॅम्पियन झालाय. अशी स्पर्धा झालीच नव्हती. आज ज्याला डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियनशिप म्हणतो, जी जिंदरनं २०१७च्या मेमध्ये रँडी ऑर्टनकडून घेतली आणि नोव्हेंबरात एजे स्टाइल्सला हरला, ती इथून सुरू होते. पण १७ मे १९६३ला ब्रुनो सॅमार्टिनोनं मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉजर्सला ४८ सेकंदात पाडलं आणि पुढं जानेवारी १९७१ पर्यंत पट्टा सोडला नाही. कागदावर जन्मलेल्या पट्ट्याला ब्रुनोनं साडेसात वर्ष गर्दी खेचून मान मिळवून दिला, माझं तरी हेच मत आहे.

आता खलीचा. तो जो मोठा सोनेरी पट्टा, तो १९८६ला रिक फ्लेअरसाठी बनवलेला, तेव्हा तो एनडब्ल्यूएचा. १९९१ला फ्लेअरचं त्याच्या कंपनीच्या, म्हणजे डब्ल्यूसीडब्ल्यूच्या, साहेबांशी फाटलं. चॅम्पियनला २५ हजार डॉलर अनामत ठेवावी लागायची, ती परत मिळाली नाही म्हणून पठ्ठ्या पट्टा घेऊन सरळ समोरच्या कंपनीत, डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये (आजची डब्ल्यूडब्ल्यूई), टीव्हीवर उभा राहिला. कोर्टकचेरी झाली, शेवटी टीव्हीवर पट्टा धूसर करून दाखवायचे. २००१ला डब्ल्यूडब्ल्यूएफनं डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली, डिसेंबरमध्ये जेरिकोनं एकाच रात्री रॉक आणि ऑस्टिनला हरवून दोन्ही किताब एक केले. पण २००२ला चॅम्पियन ब्रॉक लेसनर फक्त स्मॅकडाउनवर लढणार असं झालं, कंपनीच्या दुसऱ्या कार्यक्रमाला, रॉला, चॅम्पियन उरला नाही, तेव्हा २ सप्टेंबरला रॉचा मॅनेजर एरिक बिशॉफनं तोच सोनेरी पट्टा बॅगेतून काढून ट्रिपल एचच्या हातात दिला. कुस्ती नाही काही नाही. तो झाला वर्ल्ड हेवीवेट किताब.

२००७ला एज जखमी झाला, किताब रिकामा झाला, टेक्सासमधल्या लारेडोत वीस जणांची बॅटल रॉयल (सगळे एकदम रिंगमध्ये, बाहेर पडला तो बाद) झाली आणि खलीनं केन आणि बॅटिस्टाला एकदमच बाहेर फेकलं. आपल्याकडं टेन स्पोर्ट्सवर दिसलं तेव्हा आमच्या गल्लीत पोरांनी थाळ्या वाजवल्या होत्या, मी त्यातला एक. दोन महिन्यात १६ सप्टेंबरला बॅटिस्टानं परत घेतला. २०१३ला ऑर्टननं सीनाला हरवल्यावर हा किताब बंद केला. आताचा २०२३ला सेथ रॉलिन्सनं जेद्दाहला जिंकलेला, नाव तेच पण किताब नवा.

म्हणजे केजकर भाऊ, खलीचा पट्टा आणि थेझचा पट्टा एक नाही. सोनं तेच म्हणता येईल, फ्लेअरपर्यंत मागं गेलं तर थेझची ओळ लागते, पण किताब म्हणून वेगळे.

जालन्याचा_दिप्या

सगळं ठरवूनच असतंय म्हणल्यावर इतिहास कसला काढायलेत? निकाल लिहिणाऱ्यानं लिहिला, पट्टा दिला, विषय संपला. आबांना सांगा खरी कुस्ती ती आपलीच, लाल मातीतली.

परभणीची_लेक

दिप्या भाऊ, माझे वडील पैलवान, भाऊ पैलवान, मी स्वतः शाळेत असताना मॅटवर खेळलेय, त्यामुळं लाल मातीची बाजू तुमच्याइतकीच माझीही आहे. पण नुरा कुस्ती आपल्या जत्रेत होतच नाही असं तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणा बरं. वडील सांगायचे, दोन नावाजलेले पैलवान अर्धा तास नुसती खडाखडी करायचे, मग पंच बरोबरीत सोडवायचे आणि इनाम अर्धं-अर्धं. लोक ओरडायचे, "निकाली करा! निकाली करा!" तरी पुढच्या वर्षी तीच जोड बघायला तेच लोक. त्यातला पैलवान खोटा होता का? नाही. त्याचा घाम, त्याची मान, त्याचा खुराक सगळं खरं होतं.

आणि संघटना फुटली की किताब फुटतो हे कळायला अमेरिकेला जायची गरजच नाही. २०२३चा नोव्हेंबर आठवा. आपल्या धाराशिवला शिवराज राक्षेनं हर्षवर्धन सदगीरला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा घेतली, आणि त्याच महिन्यात पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला. एकाच महिन्यात दोन केसरी, दोन गदा. १९६१ला आपल्या औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी झाली तेव्हा असं होईल कुणाला वाटलं असतं का. आता पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी नातवानं एकच यादी उघडली आणि म्हणला आजोबा सिकंदर नव्हताच केसरी, तर ते बरोबर धरायचं का?

आता केजकर दादांच्या मूळ प्रश्नाचं कुणीच उत्तर दिलं नाही म्हणून मीच देते. दारासिंगांनी १९६८च्या मे महिन्यात मुंबईत थेझला हरवलं हे खरं आहे. आबांनी ऐकलं ते खोटं नव्हतं. फक्त थेझ तेव्हा एनडब्ल्यूएचा चॅम्पियन राहिला नव्हता, १९६६च्या जानेवारीतच तो जीन किनिस्कीला हरला होता. ६८ला एनडब्ल्यूएचा किताब किनिस्कीकडं, न्यूयॉर्कवाला सॅमार्टिनोकडं. थेझ ५२ वर्षांचा होता, पण नाव असं की ज्या देशात जाईल तिथं जगज्जेता म्हणूनच गर्दी जमायची. त्याला हरवणारा त्या देशातल्या लोकांसाठी जगज्जेता.

जपानचं बघा की. १९५८ला रिकिडोझाननं थेझला हरवलं, थेझकडं तेव्हा एनडब्ल्यूए किताब नव्हताच, तरी तिथून जपानकडं इंटरनॅशनल हेवीवेट किताब आला आणि तो तिकडं पुढं कितीतरी वर्ष मानानं चालला. आणि १९७९ला इनोकीनं जपानमध्येच बॉब बॅकलंडला हरवून डब्ल्यूडब्ल्यूएफचा पट्टा घेतला होता, तो तर आजही कंपनीच्या यादीत नाही. यादी ठेवतो तो आपल्या सोयीनं ठेवतो.

आणखी एक. दारासिंग नुसते रिंगमधले नव्हते, आधी आखाड्यातले. १९५४ला रुस्तम-ए-हिंद, १९५९ला कलकत्त्यात जॉर्ज गॉर्डिएंकोला हरवून कॉमनवेल्थचा किताब. तोच रुस्तम-ए-हिंदचा मान पुढं आपल्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदार मामांना मिळाला. थेझनंतर दारासिंगांना जगज्जेता म्हणणारे लोक अडाणी नव्हते दादा, त्यांनी त्यांना मातीत लढताना बघितलं होतं.

माती_ते_मॅट, लातूर

ताई, किनिस्कीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, बरं झालं सांगितलं. मी इतकी वर्ष समजत होतो की थेझनं चालू किताब घेऊनच मुंबईला जोड धरली. बिराजदार मामांचं नाव काढलं म्हणून सांगतो, त्यांच्याच तालमीत आपला पाटोद्याचा राहुल आवारे घडला, २०१८ला कॉमनवेल्थचं गोल्ड आणि पुढच्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ. केजकर भाऊ, भाच्याला ती पण यादी दाखवा.

जालन्याचा_दिप्या

परभणीच्या ताई, नुरा कुस्तीचं पटलं. आमच्याकडच्या जत्रेत दोन वर्षांमागं डोळ्यानं बघितलीय. मनची गोष्ट मात्र आज पहिल्यांदा वाचली, रात्री तीनदा वाचली. त्या मनचं पुढं काय झालं?

बेल्टवाला_नांदेड

दिप्या, वेन मन १९३१ला वारला, पस्तिशीच्या आत. वाईट वाटतं राव, त्याचा दोष काय, त्याला उभं केलं दुसऱ्यांनी.

केजकर

सगळ्यांचे मनापासून आभार. परभणीच्या ताई, तुमचं उत्तर मी आबांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. भाच्याला पण मुद्दाम थांबवून घेतलं होतं, त्याची गाडी दुपारची होती.

थेझ ५२ वर्षांचा होता म्हणल्यावर आबा म्हणले, "मला वाटायचं तो तरणा असंल." मग थोडा वेळ गप. किनिस्कीचं नाव त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. दारासिंग यादीत का नाहीत ते कळलं त्यांना, वाईट वाटलं नाही, उलट महाराष्ट्र केसरीच्या दोन गदांचं सांगितल्यावर म्हणले, "मग तसंच हाय की." भाचा आबांना सॉरी म्हणला, आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, ती थाप अजून जड आहे असं पोरगं म्हणायलंय.

पण आबा अडकले ते झिबिस्कोवर. अडीच तास पालथा पडून राहिला म्हणजे गामांना घिस्सा (पालथ्या पैलवानाला उलथवून चीत करायचा डाव) का लागला नाही, हे त्यांना पटेना. भाच्याला ओसरीवर सतरंजी टाकून पालथं झोपायला लावलं, स्वतः बाजेवर बसून वाकून त्याच्या कंबरेत हात घातला आणि दाखवायले, इथून धरायचं, इथून मान दाबायची, असा फिरवायचा. गुडघे साथ देत नाहीत, नुसते हात. पोरगं फिरलं राव! पंचाहत्तर किलोचं पोरगं. मग म्हणले, "झिबिस्को लई जड असणार, आन् खाली माती नव्हती, गादी होती, तिथं पाय रोवत न्हाईत." भाचा म्हणला आबा परत दाखवा. गाडी चुकली, संध्याकाळच्या एसटीनं गेला.

आता आबांचा एक प्रश्न उरलाय, तो मला सुटेना. गामा आणि तो फ्रँक गॉच, यांची जोड कधी लागली का?

माती_ते_मॅट, लातूर

नाही लागली भाऊ. १९१०ला गामा लंडनमध्ये आणि गॉच अमेरिकेत, मध्ये समुद्र. गॉच १९१३ला थांबला आणि १९१७च्या डिसेंबरात गेला. हॅकेनश्मिटशीही गामांची कधी झाली नाही. आबांना सांगा, ती जोड लागायची राहिलीच.